गवताची ओळख करून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

हिरवळीत फिकट-गडद ठिगळं दिसली की माणूस आधी खत टाकतो, नाहीतर बुरशीचं औषध फवारतो. तुम्ही मात्र गुडघ्यावर बसलात, मुळाजवळून दोन-चार कोंब उपटलेत आणि म्हणालात, "रोग कसला? ही गवतंच वेगवेगळी आहेत."

मग कोंबातून नवं पान कसं निघतं ते दाखवलंत. घडी घालून निघालं तर ब्लूग्रास किंवा रायग्रास, सुरळी होऊन निघालं तर बहुधा टॉल फेस्क्यू. ब्लूग्रासच्या पात्याचं टोक होडीच्या नाळेसारखं, मधल्या शिरेला लागून दोन फिकट समांतर रेघा. रायग्रासची पाठ चकचकीत, बुंधा लालसर-जांभळा. टॉल फेस्क्यूचं पातं रुंद, कडेवरून बोट फिरवलं की खरखरतं. झाडाखालचं सुईसारखं बारीक गवत म्हणजे फाइन फेस्क्यू. एवढं कळल्यावर ती ठिगळं मला चक्क आवडायला लागली.

खरे आभार मात्र पेरणीच्या वेळच्या सल्ल्याचे. थंड हवामानातली ही गवतं शरद ऋतूच्या सुरुवातीला पेरायची, हे बियाण्याच्या पिशवीवरही छापलेलं असतं. पण रायग्रास ५ ते १० दिवसांत उगवतं आणि ब्लूग्रासला २ ते ४ आठवडे लागतात, तेव्हा पहिली हिरवी लव दिसली म्हणून पाणी तोडायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. तोडलं की नेमकं ब्लूग्रासच जातं. आणि मोकळ्या जागा भरून काढतं ते तेच, जमिनीखालून आडवी खोडं पसरवून. रायग्रास आणि टॉल फेस्क्यू बहुतेक आपापल्या झुबक्यातच राहतात.

बाकी तुमचे नियम चालूच आहेत: उंची ७ ते ९ सेंटिमीटर, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापणी नाही, पाणी क्वचित पण खोलवर. नत्राचा मुख्य हप्ता शरदात. सावलीतल्या फाइन फेस्क्यूला अगदी बेताचा, कारण जास्त नत्र त्याला मानवत नाही. कडक उन्हाळ्यात ब्लूग्रास तपकिरी पडलं तरी आता जीव खाली-वर होत नाही. ते झोपलेलं असतं, मेलेलं नाही.

एकच गोष्ट ऐकली नाही. टॉल फेस्क्यूचे राठ झुबके खणून काढा म्हणालात. कडेचा एक मी ठेवलाय. उन्हाळ्यात तोच सगळ्यात जास्त हिरवा असतो, आणि तिथे बघतंय कोण!

नळाजवळच्या ओलसर सावलीत फिकट, तुकतुकीत गवताचा एक पट्टा जमिनीवरून सरपटत निघालाय. मला ते पोआ ट्रिव्हिॲलिस, म्हणजे ब्लूग्रासचंच एक भावंड, वाटतंय. सवड झाली की एकदा येऊन बघाल का? भिंग माझ्याकडेच आहे, रिकाम्या हाताने आलात तरी चालेल.

तुमची,
शेजारीण