‘समुद्राजवळ राहता का?’ : वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : वॉरंटीतला लॅपटॉप ‘ओलाव्याने खराब’ ठरवून दुरुस्ती नाकारल्याबाबत

बिलाची प्रत, सिरियल नंबर आणि तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत. तुमच्या हेल्पलाइनवरचा प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, म्हणून ते आधीच देऊन टाकलं. लॅपटॉप कुठला आणि त्यात काय काय आहे हे सांगत बसत नाही. तुम्हीच बनवलाय.

आज दुपारी तुमच्या ‘एस्कलेशन डेस्क’च्या साहेबांनी ‘केस क्लोज केलीय सर’ असं सांगून फोन ठेवला. तुमच्याकडून झाली असेल क्लोज. माझ्याकडून नाही.

हा लॅपटॉप मी हौसेनं घेतला नव्हता. तुमच्याच कंपनीचा २०१७ सालचा लॅपटॉप घरात धडधाकट चालत होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि आमचा पडला सातव्या पिढीतला. यंत्र चालतंय, कागदोपत्री मात्र रिटायर. तुमच्या शोरूममधल्या मुलानं सांगितलं की आता यावर बँकेचं काम केलंत तर खातं कधी साफ होईल कळणारही नाही. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, हे सांगायला तो विसरला. ऐन दिवाळीत ५८,९९० रुपये मोजून मी नवा घेतला, आणि तोही तुमचाच, कारण जुन्यानं आठ पावसाळे कुरकुर न करता काढले होते. तुमच्या नावावर भरवसा होता. ‘होता’ हे मुद्दाम लिहितोय.

एप्रिलमध्ये चार्जिंगचा दिवा आधी लागेना, मग लागून विझायला लागला, मग एका सकाळी लॅपटॉपच बंद. देवगडात एप्रिल म्हणजे काय हे कोणाला तरी विचारून घ्या. हापूसची काढणी चालू, आढी लागलेल्या, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं दिवसभर फोनवर, आणि कोणाच्या किती पेट्या, कोणाचे पैसे आले, कोणाला कच्चा हवा नि कोणाला तयार, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये. वर्षाची कमाई दीड-दोन महिन्यांत करायची असते. त्या दिवसांत तुमचं एआय, तुमचं ते कीबोर्डवरचं एआयचं खास बटण, सगळं काळ्या पडद्यामागे जाऊन बसलं.

वॉरंटी ‘ऑन-साइट’ होती, म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्ती करणार. बिलावर तसं छापलंय. फोन केल्यावर कळलं की आमचा पिनकोड ऑन-साइटमध्ये येत नाही. विकताना तो पिनकोड चालला, कुरिअरला चालला, दुरुस्तीला तेवढा चालत नाही. मग फोंडा घाट चढून लॅपटॉप कोल्हापूरला नेऊन दिला. ऐन सीझनमध्ये, बाग गड्यांवर सोडून.

आठवड्याभरानं मेल आली. मदरबोर्डवर ओलाव्यामुळे गंज, नुकसान ग्राहकाच्या हातून, वॉरंटी लागू नाही, बोर्ड बदलायचे ४२,३०० रुपये. सोबत दोन फोटो. एका फोटोत चार्जिंगच्या पोर्टाशेजारी मोहरीएवढा हिरवट डाग आहे. दुसरा फोटो पाणी दाखवणाऱ्या स्टिकरचा. पाणी लागलं की हा स्टिकर पांढऱ्याचा लाल होतो, म्हणून तर तो तुम्ही आत चिकटवता. फोटोतला स्टिकर पांढरा आहे. कडेलासुद्धा गुलाबी छटा नाही. मी तो मोठा करून पाहिला, मुलीच्या मोबाइलवर पाहिला, शेजारच्या काकांना दाखवला. पांढरा.

आता आजचा फोन. तो जसा झाला तसा सांगतो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ‘क्वालिटीसाठी’ जपलेला असेलच. ऐका एकदा.

साहेबांनी सुरुवातीला सांगितलं की त्यांनी माझी तक्रार पूर्ण वाचली आहे. लगेच पुढचा प्रश्न, “आपला डेस्कटॉप आहे की लॅपटॉप, सर?” हे मी सोडून दिलं. मग म्हणाले, “सर, आपण समुद्राजवळ राहता का?”

“देवगडला राहतो.”

“म्हणजे जवळच ना? अंदाजे किती अंतर?”

“पडवीतून दिसतो.”

मागे कीबोर्डची टकटक ऐकू आली. काहीतरी टाइप केलं त्यांनी. मग अगदी समाधानानं, “ओके सर, म्हणजे कोस्टल एन्व्हायर्नमेंट.” मी जणू चोरीची कबुलीच दिली होती.

“लॅपटॉप एसी रूममध्ये असायचा का?”

“घरात एसी नाही. खिडक्या आहेत.”

“खिडक्या उघड्या असतात का सर?”

मी म्हटलं, खिडक्या उघडायलाच असतात. परत टकटक. मग मी स्टिकरचं काढलं. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत तो पांढरा आहे, मग पाणी गेलं कुठून? साहेब म्हणाले, फोटोत कलर नीट येत नाही. मी विचारलं, मग फोटो पाठवता कशाला? “प्रोसेस आहे सर.” पाणी गेलं नाही हे तरी मान्य आहे का? “सर, आमच्या इंजिनिअरनं फिजिकली पाहिलंय, ते फायनल असतं.” मग त्या इंजिनिअरशी बोलू द्या. “इंजिनिअर कस्टमरशी बोलत नाहीत सर.” स्टिकरही बोलतोय ते ऐकायचं नाही, इंजिनिअर तर बोलतच नाही. मग ठरवतंय कोण?

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र अर्ध्या पानाचं झालं असतं. पण साहेबांना माझं भलं करायचं होतं.

“सर, एक टिप देऊ का? पुढच्या वेळी लॅपटॉप वापरून झाला की एअरटाइट डब्यात ठेवत जा. सिलिका जेलच्या पुड्या टाकून.”

“पापड ठेवतो तसा?”

“हो सर, बरोबर! तसंच.”

ते थट्टा करत नव्हते, मनापासून सांगत होते. अठ्ठावन्न हजार नऊशे नव्वद रुपयांचा लॅपटॉप, ज्याच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ छापलंय, तो मी डब्यात ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. स्पीकर चालू होता. पेट्यांत पेंढा भरता भरता शेजारच्या काकांनी विचारलं, “मगे समुद्र खंय हलवूचो आता?” साहेबांना ते कळलं नाही, ‘आणखी काही मदत हवी आहे का’ म्हणाले.

त्या ‘मिलिटरी ग्रेड’बद्दल. तुमच्या जाहिरातीत ८१०एच असं लिहिलंय. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं २०१९ सालचं मानक. त्यात दमट हवेची चाचणी वेगळी आहे आणि खाऱ्या धुक्याची वेगळी. यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनी स्वतः ठरवते, आणि पास झाल्याचा सरकारी शिक्का कोणी मारत नाही. तुम्ही यातली कुठली केलीत? खारी हवा केली असेल तर माझा बोर्ड गंजलाच कसा? केली नसेल तर तुमची मिलिटरी फक्त घाटमाथ्यावर लढणारी असणार. इथून जवळच विजयदुर्ग आहे, आरमाराचा किल्ला. आम्ही मिलिटरी म्हटलं की त्यात आरमारही धरतो.

तुमच्या माहितीपुस्तिकेत हवेतला दमटपणा १० ते ९० टक्के चालेल असं छापलंय. आमच्याकडे नव्वदच्या वर हवा जाते ती पावसात. लॅपटॉप दिवाळीत घेतला, एप्रिलमध्ये बंद पडला. मधल्या काळात इथे थंडी असते, मोहर असतो, मार्चपासून घामाच्या धारा असतात, पण पावसाळा नसतो. या लॅपटॉपनं कोकणातला एकही पावसाळा बघितलेला नाही. तुमच्या मेलमध्ये ‘ओलावा’ हा शब्द चारदा आहे, बिलाची तारीख एकदाही नाही.

आणि आत हवा घेतो कोण? तुमचा पंखा. तो खोलीतली हवा खालून ओढतो आणि बाजूनं फेकतो. मी फुंकर मारत बसत नाही. बोर्डावर पातळ संरक्षक लेप देता येतो, गाड्यांच्या आणि बोटींच्या इलेक्ट्रॉनिक्सला देतात. देवगड बंदरात ट्रॉलरवर जीपीएस आणि फिशफाइंडर लागलेले असतात, ते समुद्राजवळ नाही, समुद्रात असतात. त्यांना कोणी डब्यात ठेवत नाही. तुम्ही चार पैसे वाचवलेत, ती तुमची मर्जी. पण मग दुकानात पाटी लावा की हा माल खाडीपलीकडे विकला जात नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत तुमच्या एजन्सी आहेत. दिवाळीत फ्लेक्सही लागतात.

४२,३०० चा हिशेब विचारला तेव्हा उत्तर आलं, “मेमरीचे भाव वाढलेत सर.” वाढलेत, मीही बातम्या वाचतो. एआयच्या डेटासेंटरना मेमरी विकण्यात जास्त पैसा आहे म्हणून मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा सामान्य गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण माझी मेमरी खराब झालेलीच नाही! खराब झालंय चार्जिंगच्या पोर्टाजवळचं बोटभर सर्किट. मेमरी तुम्ही बोर्डावर सोल्डर करून बसवलीत, प्रोसेसरही तिथेच, म्हणून मोहरीएवढ्या डागापायी चांगली मेमरी आणि चांगला प्रोसेसर भंगारात टाकून मी ते नव्या भावानं परत विकत घ्यायचे. जुन्या लॅपटॉपची मेमरी मी स्वतः चार स्क्रू काढून वाढवली होती. तोही तुम्हीच बनवला होता, तेव्हा तुम्हाला अक्कल होती.

एआयचं निघालंच आहे तर, ‘एआय लॅपटॉप’ म्हणून विकलेल्या या यंत्रात ८ जीबी मेमरी आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये एआयच्या ज्या संगणकांना ‘कोपायलट प्लस पीसी’ म्हटलं त्यांना किमान १६ जीबी लागते. म्हणजे बटण दिलंत, बटणामागचं दिलं नाहीत. तुमच्या वेबसाइटवर जी डिजिटल मदतनीस आहे तिला मी ‘लॅपटॉप चालूच होत नाही’ असं लिहिलं. तिनं सांगितलं, लॅपटॉप चालू करा आणि सपोर्ट अ‍ॅप उघडा.

सध्या काम कशावर चाललंय माहीत आहे? २०१७ च्या त्या जुन्या लॅपटॉपवर. त्याच टेबलावर, त्याच खिडकीशी, त्याच खाऱ्या हवेत. पेट्यांची लेबलं तोच छापतोय. समुद्र तेव्हाही इथेच होता. एसी तेव्हाही नव्हता. तुमचे साहेब ‘वातावरण’ म्हणाले, तर वातावरण तेच आहे. बदललाय तो तुमचा माल.

आता मागण्या. बोर्ड वॉरंटीत, एकही पैसा न घेता बदलून द्यावा, नाहीतर लॅपटॉप बदलून द्यावा. जमत नसेल तर पांढऱ्या स्टिकरवरून पाण्याचं नुकसान कसं ठरवलं हे इंजिनिअरच्या सहीनं लेखी द्यावं, आणि खाऱ्या हवेच्या चाचणीचा रिपोर्ट, केली असेल तर. लॅपटॉप दुरुस्त न करता परत देणार असाल तर आतली एसएसडी, म्हणजे माहिती साठवते ती ड्राइव्ह, जशीच्या तशी राहिली पाहिजे, सीझनचा हिशेब त्यात आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवीन, आणि तिथे भागलं नाही तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्या अटींत ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं बारीक अक्षरात लिहिलंय, तेही वाचलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. आमचा आयोग ओरोसला आहे, एसटीनं जाता येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही. आंबा संपला की पेरणीपर्यंत मला वेळच वेळ आहे. तुमच्या वकिलाला घाट उतरून यावं लागेल. आणि तो जुलैत आला तर नव्वद टक्के दमटपणा म्हणजे काय ते त्यालाही कळेल. मी तक्रारीत ‘फसवी जाहिरात’ हा मुद्दा ‘मिलिटरी ग्रेड’ छापलेल्या खोक्याच्या फोटोसकट लावणार आहे.

पुन्हा एकदा लिहितो, म्हणजे पुढचा माणूस शेवटचं पान वाचत असला तरी त्याला दिसेल : हा लॅपटॉप एकाही पावसाळ्यात वापरलेला नाही, आणि तुमच्याच फोटोतला स्टिकर पांढरा आहे.

आपला (अजून तरी) ग्राहक,
एक आंबा बागायतदार, देवगड

ता.क. : हे लिहीत असतानाच मेसेज आला की तपासणी शुल्क जीएसटी धरून ८२६ रुपये भरल्याशिवाय लॅपटॉप परत मिळणार नाही. हे पैसे मी भरणार नाही. वॉरंटीतल्या यंत्राची तपासणी मी मागितली नव्हती, दुरुस्ती मागितली होती. माझ्या नावानं पावती फाडली असेल तर रद्द करून तसं कळवा. आणि त्यामागोमाग ‘आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच’ असा जो मेसेज आला, त्यात शून्याची सोय करा.