लिव्हिंगस्टनचे 'नोकर' नाशिकला शिकले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पूर्व आफ्रिकेच्या खेड्यांतील ख्रिस्ती मिशनऱ्यांवरचा लेख वाचला. लेखकाने जीव ओतून लिहिले आहे, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते छायाचित्राखालच्या ओळीशी. शवपेटीशेजारी उभ्या असलेल्या आफ्रिकी तरुणाखाली आपण छापले आहे : 'डॉ. लिव्हिंगस्टन यांचा निष्ठावंत नोकर'. लिव्हिंगस्टन म्हणजे आफ्रिका धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी, ती शवपेटी त्यांचीच. शेजारच्या तरुणालाही नाव होते, जेकब वेनराइट. आणि तो शिकला होता नाशिकला.

मी शरणपूर रोडवर वाढलो, तिथूनच शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. रस्त्याचे नाव रोज घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागचा इतिहास ठाऊक असतो. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचे म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात, त्यांच्यापैकी कितीतरी सरकारने मिशनच्या हवाली केली आणि ती शरणपूरला आली. बहुतेकांना आपले गाव कुठले तेही सांगता येत नसे. इथे त्यांना अक्षरओळख झाली, सुतारकाम-लोहारकाम शिकवले गेले, बाप्तिस्मे झाले, पुढे त्यांची आपसात लग्नेही लागली. आफ्रिकेत परत गेल्यावर तिथल्या लोकांनी त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हटले. नाशिकचे नाव मुंबईने खाल्ले, हे तेव्हाही चुकले नाही!

लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईला आले तेव्हा शेवटच्या सफरीसाठी त्यांनी याच शाळेतली नऊ मुले निवडली. वाटेत या 'नासिक बॉइज'वर ते बरेच चिडचिडले. आळशी आहेत, काम टाळतात, अशी त्यांची कुरकुर. काही मुले खरोखरच सोडून गेली. जेकब मात्र त्या नवांतला नव्हे. तो १८७२ मध्ये, लिव्हिंगस्टनना शोधून काढणारा पत्रकार स्टॅन्ले याने पाठवलेल्या कुमकेबरोबर, आणखी काही शरणपूरकरांसह येऊन मिळाला. मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा जवळ एकही गोरा माणूस नव्हता. पुढचे सगळे निर्णय या 'नोकरांनी' घेतले. काळीज तिथेच झाडाखाली पुरले, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलेला देह चुमा आणि सुसी या लिव्हिंगस्टनच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढाकाराने त्यांनी किनाऱ्यापर्यंत नेला. हजार मैलांहून जास्त वाट, तीही पायी. मध्येच भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने सुचवले की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकले नाही. पुढे एका गावातून प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी देहाचे कापडाच्या गाठोड्यासारखे बोचके बांधले आणि खोटेच प्रेत माघारी पाठवल्याचे सोंग केले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

पण माझा मुद्दा या प्रसिद्ध प्रवासाचा नाही. त्याच्या गोष्टी निदान कुठे तरी छापल्या जातात. मला बोलायचे आहे ते रोजच्या कामाबद्दल, ज्याविषयी आपल्या लेखात 'मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, आजाऱ्यांची सेवा केली' एवढे एकच वाक्य आहे.

आजच्या केनियातल्या मोंबासा बंदरापासून आत राबाई नावाचे खेडे आहे. क्राफ आणि रेबमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये तिथे बस्तान बसवले. क्राफ यांची पत्नी आणि नवजात मुलगी दोघी १८४४ मध्ये, किनाऱ्याला लागल्यावर काही महिन्यांतच दगावल्या होत्या. राबाईला जाताना क्राफ तापाने इतके खंगले होते की गाढवावर जेमतेम बसले. घर दोघांनी स्वतःच्या हातांनी उभारले, छप्पर नारळाच्या झावळ्यांचे. (कोकणातल्यांना हे सांगायला नको.) रेबमान यांनी १८४८ मध्ये किलिमांजारोवरचे बर्फ पाहून कळवले तर लंडनच्या विद्वानांनी त्यांना खोटे ठरवले, कारण विषुववृत्तापाशी बर्फ असूच शकत नाही! सुवार्तेचे फळ विचाराल तर कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर पहिला बाप्तिस्मा झाला तो म्रिंगे नावाच्या मरणपंथाला लागलेल्या अपंग माणसाचा. रेबमान एकदाही मायदेशी न जाता जवळजवळ तीस वर्षे तिथे राहिले आणि शेवटी आंधळे होऊन परतले. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे.

परंतु राबाईत माणसे जमू लागली ती १८६४ नंतर, म्हणजे शरणपूरहून जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आपापल्या बायकांसह तिथे पोहोचल्यावर. वर्ग घेणे, शेत बघणे, तापकऱ्याजवळ बसणे, भांडणे मिटवणे, रविवारची उपासना, हे काम त्यांच्या अंगावर पडले. त्यांच्या कातडीचा रंग गावकऱ्यांचाच होता, तरी तेही परदेशीच. कपडे वेगळे, बोलण्यात हिंदुस्तानी आणि इंग्रजी. स्वतः गुलामीतून आलेल्यांना पळून आलेल्या गुलामाचे दुःख पुस्तकातून समजून घ्यायचे नव्हते. किनाऱ्यावरच्या मालकांचे मळे सोडून पळालेले शेकडो लोक राबाईच्या आसपास येऊन राहिले. मिशनच्या वरिष्ठांना याची धास्ती होती, कारण मालक हत्यारे घेऊन येत. जोन्स यांनी त्यांना थारा दिला. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक जणांना सुटकेचे दाखले मिळाले. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना.

आता थोडे कडूही लिहितो, कारण मी याच ख्रिस्ती मंडळीत वाढलो आहे आणि आमच्या लोकांना आपल्याच इतिहासाचा साबण लावलेला भाग तेवढा आवडतो. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव त्याला दिले. तिथे बॉम्बे आफ्रिकनांना गोऱ्यांच्या मानाने तुटपुंजा पगार होता आणि त्यांच्या शहाणपणावर भरवसा त्याहून कमी. १८८० च्या सुमारास तर मुक्त झालेल्यांच्या पाठीवर मिशनच्याच आवारात फटके पडले, एवढे की चौकशी करावी लागली. गुलामीतून सोडवलेल्या माणसाला चाबूक! यावर सारवासारव करणारे आजही भेटतात. काळच तसा होता म्हणे. त्याच काळात जोन्सही होते की.

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन (पाळकाच्या खालची पायरी) म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाला निघाले, जोन्स त्यांच्या काफिल्यात होते. २९ ऑक्टोबरला तिथला राजा म्वांगा याच्या हुकमावरून बिशप आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक हमाल वाटेतल्या बुसोगा प्रांतात मारले गेले. मागच्या तळावर थांबलेले जोन्स महिनाभर वाट पाहत राहिले, मग उरलेल्यांना घेऊन परतले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ते राबाईला पोहोचले तेव्हा पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, 'ईखाबोद'. जुन्या करारातला शब्द आहे, अर्थ 'गौरव निघून गेले'. उपाशी, थकलेल्या हमालांचा तांडा परत आणताना निशाणावर काय लिहायचे हे ज्याला सुचले, तो माणूस शरणपूरच्या बाकांवर बसून शास्त्र शिकला होता.

माझा भाचा मोंबासाला नोकरीला आहे. त्याने फ्रेअरटाउनच्या घंटेचा फोटो पाठवला. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवून लोकांना सावध करत. त्या चौकाचे नावच केंगेलेनी पडले आहे, म्हणजे घंटेपाशी. भाच्याला नाशिकचे नाते ठाऊक नव्हते. मी कळवल्यावर त्याने उलट विचारले, "मामा, आपल्याकडे त्यांची काही खूण आहे का?" पन्नास-साठ वर्षांत शरणपूर रोडवर माझ्या पाहण्यात या मुलांच्या नावाचा एकही फलक आलेला नाही, एवढेच मी त्याला लिहू शकलो.

आपल्याकडून फार काही मागत नाही. पुढच्या रविवारी त्याच छायाचित्राची दुरुस्ती चौकटीत छापावी : 'जेकब वेनराइट, शिक्षण शरणपूर, नाशिक, १८९२ मध्ये उरांबो (आजचे टांझानिया) येथे निधन'. जागा उरली तर विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर यांचीही नावे द्यावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
शरणपूर रोड, नाशिक