पंचनाम्यात कसणारीचं नाव कधी येणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परंडा तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका गावात मी शेती करते. सप्टेंबर २०२५ मधल्या पुरानं आमच्या शिवाराची काय दशा केली, ते पेपरांतून आणि टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. पाणी ओसरल्यावर जी मदत आली ती कुणाच्या नावानं आली, आणि ज्या बाईनं ते रान केलं तिच्या हातात त्यातलं काय पडलं, याबद्दल फारसं कुणी लिहिताना दिसत नाही.

माझे मालक आजारपणात वारले. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. ते गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर सासूबाई, दीर, नणंदा, मी आणि माझी मुलं अशी सगळ्यांची नावं लागली. म्हणजे खातं सामाईक. दीर पुण्याला नोकरीत, नणंदा आपापल्या घरी. पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं मी बघते. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन मीच जाते.

पूर ओसरल्यावर रानात गेले तर बांध कुठं होता तेच कळेना. नदीकडच्या पट्टीतलं सोयाबीन तर गेलंच, पण खरा घाव मातीचा. जिथं गुडघाभर काळी माती होती तिथं कुदळ मारली की वीतभर आतच खणकन मुरूम लागत होता. विहीर गाळानं काठोकाठ भरलेली, वर कुणाच्या तरी कडब्याच्या पेंढ्या तरंगत होत्या. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा त्यांच्याबरोबर चिखलात मी फिरले. गट नंबर मी सांगितला, फोटोतही मीच उभी आहे.

पण सामाईक खात्याला मदत द्यायची तर ती एकाच हिस्सेदाराच्या खात्यावर, आणि बाकीच्यांनी संमतीपत्र द्यायचं. भावाचं मन कसं मोडायचं म्हणून नणंदांनी दिराच्या नावानं सह्या दिल्या. सासूबाईंनी अंगठा दिला. शेवटी मीही सही केली, कारण नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचेच पैसे अडकले असते. त्याआधी कार्यालयात विचारायला गेले तेव्हा "बाई, घरात मिटवून घ्या" एवढंच उत्तर मिळालं. घरात मिटवायचं म्हणजे दर वेळी बाईनंच गप्प बसायचं, हे काय आम्हाला नवीन आहे?

सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम. रक्कम पुरेशी आहे का, यावर चिक्कार वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ते पैसे वाफ्यात राबणाऱ्या बाईपर्यंत कोणत्या वाटेनं जाणार, हे कुणी विचारलं नाही.

आमच्या बचत गटातली एक बाई बटईनं, म्हणजे दुसऱ्याचं रान पिकातल्या वाट्यावर करते. शेतमालक लातूरला राहतो. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. बटईदाराला पीकविमा काढायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि कूळ लागेल, म्हणजे कसणारीचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीनं शेतमालक तो करून देत नाही. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळखपत्र सक्तीचं झालं, तेही सातबाऱ्यावरच निघतं. बियाणं तिचं, खताची उधारी तिची, पूरही तिच्याच पिकात शिरला. नुकसानभरपाई मात्र लातूरच्या खात्यावर.

म्हणून आम्ही बायकांनी देवळाच्या सभामंडपात बसून आमचीच यादी केली. गट नंबर, कसणारी कोण, काय पेरलं होतं, किती गेलं, माती किती खरडली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतल्या पोरींनी लिहून घेतलं. ही यादी ग्रामसभेत वाचली. "सातबारा काय आता बायका ठरवणार का?" असा आवाज आलाच. पण पाठीमागून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माझं रान सून करती, हे मी सांगतो, लिहून घ्या." मग या यादीचा ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला. त्याची प्रत तहसीलला देऊन पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही.

आम्ही कायद्याबाहेरचं काही मागत नाही. विधवेचा वारसा १९५६ पासून आहे. लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची हाक दिली तेव्हा ज्या गावात शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली त्या गावांचा मान व्हायचा. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारचीही आहे. आमच्या भागात ती ऐकलेली बाई मला अजून भेटायची आहे. महिला किसान अधिकार मंचानं आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांचा प्रश्न लावून धरला, २०१९ च्या जूनमध्ये त्यांच्यासाठी शासन निर्णयही निघाला. पण ज्यांचे नवरे दुखण्यानं किंवा अपघातात गेले, त्यांची वारसनोंद, त्यांचा हिस्सा कोण बघणार? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीदारांत, म्हणजे शेती चालवणारे म्हणून नोंदलेल्यांत, बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. कुठल्याही शिवारात खुरपणीच्या दिवसांत जाऊन बघा आणि या आकड्याशी ताडून बघा.

नावाचा प्रश्न निव्वळ पैशाचा नाही. ज्याचं नाव, तो पीक ठरवतो. मला मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानातही सगळं सोयाबीन नको होतं, पण कर्ज दिराच्या नावावर, म्हणून शब्दही त्यांचाच. माळावरचा अर्धा एकर तेवढा माझ्या हातात आहे. त्यात मी तूर, हुलगा, मूग, भाजीपाला आणि थोडी पिवळी ज्वारी असं मिसळून करते. त्या पावसात तिथलंही नुकसान झालं, पण तूर तगली, हुलगाही थोडा हाती आला आणि घरची डाळ विकत आणावी लागली नाही. पाऊस असा वेडावाकडा पडू लागल्यावर कसं पेरायचं, याची अक्कल आमच्या बायकांकडे आहे. ती वापरायला जमीन आमच्या ताब्यात पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकरी वर्ष जाहीर केलंय. त्या निमित्तानं सत्कार, मेळावे होतील, साड्या वाटल्या जातील. आम्हाला त्यापेक्षा पंचनाम्याच्या कागदावर "प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती" असा एक रकाना द्या. सामाईक खात्यात ज्याच्या त्याच्या हिश्श्याची मदत ज्याच्या त्याच्या खात्यावर टाका, संमतीपत्राची अट काढा. आणि मयतांच्या वारसांची नोंद करायला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम गावोगाव नेली, तशीच लक्ष्मी मुक्तीची शिबिरं जूनच्या पेरणीआधी लावा. आमच्या गावात शिबिराला जागा आणि बायका दोन्ही तयार आहेत.

आपली,
एक शेतकरी
ता. परंडा, जि. धाराशिव