ई-पुस्तकाच्या बिलावर वाचकाचे राज्य लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वखर्चाने पुस्तक काढणारे सीमाभागातले लेखक आता छापील प्रतींबरोबर पीडीएफ आणि ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीही विकू लागले आहेत. यूपीआयने पैसे आले की व्हॉट्सॲपवर फाइल जाते. या विक्रीला जीएसटी लागतो का, असे विचारले की ‘पुस्तकावर कर नाही, मग ई-पुस्तकावर कुठून येणार?’ असे ठाम उत्तर मिळते. ते चूक आहे.

छापील पुस्तक हा माल, आणि त्यावर जीएसटी शून्य. डाउनलोड होणारी फाइल मात्र कायद्याच्या नजरेत सेवा आहे. सुरुवातीला तिच्यावर 18 टक्के कर होता. 27 जुलै 2018 पासून ई-पुस्तकाचा दर 5 टक्के झाला. पण करदराच्या त्या नोंदीत ई-पुस्तकाची व्याख्या ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ अशी आहे. जे पुस्तक कधी छापलेच नाही, ते या व्याख्येत बसत नाही आणि त्याला 18 टक्केच लागतात. 150 रुपये करासह किंमत ठेवली, तर 5 टक्क्यांनी लेखकाकडे 142.86 रुपये उरतात, 18 टक्क्यांनी 127.12. म्हणजे एका प्रतीमागे पावणेसोळा रुपयांचा फरक, तोही मजकूर तोच असताना.

किती प्रती छापायच्या, हे त्या नोंदीत कुठेही लिहिलेले नाही. तेव्हा थोड्या प्रती का होईना, आधी छापून घ्याव्यात आणि छापखान्याचे तारखेसह बिल जपून ठेवावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन राय एजन्सीकडून मोफत मिळतो. छापील आणि ई-आवृत्तीसाठी तो वेगवेगळा घ्यावा लागतो. करासाठी त्याची सक्ती नाही, पण दोन्ही आवृत्त्या एकाच पुस्तकाच्या आहेत हे दाखवायला उपयोगी पडतो. फाइलमध्ये ध्वनिमुद्रण जोडले तर पंचाईत होते. सवलत ‘केवळ ई-पुस्तक’ असलेल्या पुरवठ्याला आहे, ऑडिओबुकला नाही.

आता जीएसटी नोंदणी. सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांची; ई-पुस्तक विकणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. उलाढाल पॅननुसार मोजली जाते. छापील पुस्तकांची करमुक्त विक्री, गाळ्याचे भाडे, किराणा दुकान हे सगळे तिच्यात येते. शिक्षकाचा पगार येत नाही, आणि आपल्याकडे लिहिणाऱ्यांत शिक्षक बरेच आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो. जुलै 2025 मध्ये यूपीआयच्या नोंदींवरून कर्नाटकातल्या छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून क्यूआर कोड लावायलाच काही जण कचरतात. वर्षाला दोनशे फाइली विकणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

‘राज्याबाहेर एक जरी प्रत गेली तर नोंदणी घ्यावीच लागते’ ही समजूतही अर्धीच खरी. करपात्र मालाला तो नियम साधारणपणे लागतो. सेवांना 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने 20 लाखांपर्यंत सूट आहे, त्यामुळे कोल्हापूर-पुण्याच्या वाचकाला फाइल पाठवली म्हणून नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलावर ‘जीएसटी 5 टक्के’ लिहून पैसे घेणे बेकायदा आहे, आणि घेतलेला कर सरकारजमा करावाच लागतो. दुसऱ्याचे बिल नमुना म्हणून उतरवून काढताना ही चूक होते.

नोंदणी झाली की खरा सीमाप्रश्न सुरू होतो. बेळगाव तालुक्यातल्या बाचीच्या वाचकाला विकले तर 2.5 टक्के केंद्राचा आणि 2.5 टक्के कर्नाटकाचा कर. रस्त्याने लगेच पुढच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीतल्या वाचकाला विकले तर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा कर. वाचकाला दोन्हीकडे तेवढेच पैसे पडतात, पण लेखकाच्या विवरणपत्रात रकाने वेगळे. ऑनलाइन सेवेच्या बिलावर, रक्कम कितीही लहान असो, नोंदणी नसलेल्या ग्राहकाचेही राज्य लिहावे लागते. 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणून पैसे घेण्याआधीच नाव आणि राज्य विचारावे. फोन नंबरवरून राज्य ठरवू नये. सिम बेळगावचे आणि घर चंदगड तालुक्यात, असे लोक या पट्ट्यात कमी नाहीत. जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रातल्या 7 क्रमांकाच्या तक्त्यात ही विक्री राज्याच्या संकेतांकानुसार भरायची असते: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30.

राज्य चुकले तर योग्य शीर्षाखाली (केंद्र, राज्य किंवा आयजीएसटी) कर पुन्हा भरायचा आणि चुकीचा भरलेला परत मागायचा. व्याज लागत नाही, मागणीला दोन वर्षांची मुदत आहे. पण 1,000 रुपयांच्या आतला परतावा मिळत नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक शीर्षाला वेगळी लागते. महाराष्ट्रातली विक्री चुकून कर्नाटकातली धरली, तर 150 रुपयांच्या पुस्तकावर केंद्राचे 3.57 आणि राज्याचे 3.57 पडतात, म्हणजे जवळपास 280 प्रतींची चूक झाल्याशिवाय परतावाच नाही! त्यापेक्षा पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरच्या आत जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती करून घेतलेली बरी. सेवा देणाऱ्यांसाठीची 6 टक्क्यांची कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची) सोपी वाटते, पण आंतरराज्य विक्री असेल तर ती घेता येत नाही. बेळगावच्या मराठी लेखकाचे वाचक महाराष्ट्रात असणारच, त्यामुळे ती वाट त्याला बहुधा बंदच.

संमेलनाच्या स्टॉलवर ‘छापील प्रत आणि ई-पुस्तक मिळून 250’ अशी जोडी नोंदणीकृत लेखकाने एका किमतीत विकू नये. मिश्र पुरवठा (वेगवेगळ्या वस्तू-सेवा एका किमतीत) ठरला तर सगळ्या रकमेवर जास्त असलेला दर बसतो आणि छापील प्रतीची करमुक्ती जाते. बिलात दोन ओळी, दोन किमती लिहाव्यात.

मोठ्या ऑनलाइन मंचांमार्फत विकताना करारात शब्द ‘रॉयल्टी’ आहे की ‘कमिशन’, ते आधी पाहावे. पहिल्यात विक्रेता मंच असतो, दुसऱ्यात तुम्ही. नोंदणीकृत लेखकाच्या विक्रीतून कमिशनवाला मंच 10 जुलै 2024 पासून 0.5 टक्के टीसीएस (विक्रीच्या रकमेतूनच वसूल होणारा कर) कापतो. जीएसटी पोर्टलवर जाऊन तो स्वीकारला तरच तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या कर-खात्यात येतो. युरोपातल्या मराठी वाचकांना स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विकण्याच्या फंदात पडू नये. तिथे ग्राहकाच्या देशाचा व्हॅट लागतो आणि बाहेरच्या विक्रेत्याला किमान मर्यादेची सूट नाही.

एक मागणी मात्र करायलाच हवी. सवलतीला छापील प्रतीची अट 2018 मध्ये घातली गेली. कागदाचा खर्च परवडत नाही म्हणूनच थेट ई-पुस्तक काढणाऱ्या खानापूर, निपाणी, भालकीच्या लेखकावर तिच्यामुळे तिपटीहून जास्त कर बसतो. जीएसटी परिषदेत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांचेही मंत्री बसतात. इथल्या साहित्य संस्थांनी दोघांनाही एकच निवेदन पाठवावे. त्यात एवढेच मागावे की व्याख्येतला ‘छापील पुस्तकाची’ हा शब्दप्रयोग काढावा आणि आयएसबीएन असलेले कोणतेही ई-पुस्तक 5 टक्क्यांत धरावे.

आपला,
एक करसल्लागार, टिळकवाडी, बेळगाव