‘घरीच असते’ हे उत्तर कुणाचं?

संपादक महोदय,

सामाजिक संशोधनात स्त्रीवाद आला की वस्तुनिष्ठता संपते, असं मत अधूनमधून वाचायला मिळतं. मी काही वर्षं सर्वेक्षणांसाठी गावोगाव फिरून माहिती गोळा केली. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

माण तालुक्यातलं एक घर. ओसरीवर सासरे. “सून काय करते?” “काही नाही, घरीच असते.” मी राष्ट्रीय नमुना पाहणीतला 92 हा कोड टाकला, म्हणजे फक्त घरकाम. तेवढ्यात ती गोठ्यातून दुधाची कासंडी घेऊन आली. तिच्याशी वेगळं बोलले. पहाटे चारपासून दोन म्हशींचं शेणघाण, वैरण, धार सगळं तिच्याकडे. दूध डेअरीला जायचं, कार्ड सासऱ्यांच्या नावावर. म्हणजे ती घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस, कोड 21. तिची गणना कामकऱ्यांत होते. 92 वाली श्रमशक्तीतच धरत नाहीत. मी आकडा खोडून दुरुस्त केला. पण त्याआधी किती घरांच्या ओसरीवरूनच परतले असेन, याचं आजही वाईट वाटतं.

फॉर्म सगळ्यांना सारखाच होता. चूक झाली ती उत्तर कुणाकडून घेतलं यात. स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांनी ‘सशक्त वस्तुनिष्ठता’ मांडली ती याचसाठी: संशोधक कुठे उभा राहून बघतोय, हेही तपासा. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत दिवसभराचा अर्धा-अर्धा तास विचारला गेला, तेव्हा घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. एवढं काम ‘काही नाही’ या उत्तरात बसत होतं!

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रीवादी भूमिका मांडताना आणखी पुढचं बजावलं होतं: ‘स्त्री’ म्हणून सरसकट बोलू नका, जात बघा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेकदा नवऱ्याच्या हातात पडते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढणारी बाई हिशेबात दिसतच नाही.

लोकसंख्येची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे. तेव्हा ही माणसं फडावर असतील. प्रगणकांनी त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, जावं आणि कामाचा प्रश्न मुकादमाला किंवा नवऱ्याला न विचारता त्या बाईलाच विचारावा, अशी स्पष्ट सूचना प्रशिक्षणातच द्यावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, सातारा