जोगेश्वरीच्या सरांना थँक यू, गणिती प्रल्हाद वैद्यांची ओळख करून दिल्याबद्दल

सर, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच "बरं बरं, पुढचा चॅप्टर कुठवर आला" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण जोगेश्वरी ईस्टला राहणाऱ्या, रिटायर झालेल्या मॅथ्सच्या सरांकडे जे जे रविवारी वह्या घेऊन बसलेत ते बरोबर ओळखतील.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी संध्याकाळी अकरावी-बारावीच्या बॅचेस घेते, ते सांभाळून एम.एस्सी. करतेय आणि प्रोजेक्टला जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनची ग्रॅव्हिटीची थिअरी, घेतली होती. जिथे विचारायला गेले तिथे एकच ऐकायला मिळालं, नोकरी करून हे झेपणार नाही, सगळे घेतात तो सोपा टॉपिक घे. मैत्रिणीच्या बाबांनी तुमचा नंबर दिला नसता तर घेतलाही असता. पहिल्याच भेटीत तुम्ही पुस्तक उघडायच्या आधी विचारलंत, "समोर टेकडीवरच्या कॉलेजात कोण शिकलंय माहितीये का?" इस्माईल युसुफ कॉलेज मला माहीत होतं, रोजच्या ट्रेनच्या रस्त्यातलं, पण प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. एम.एस्सी.ला असून! आणि हे फक्त माझंच नसणार, म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे लिहूनच टाकते.

वैद्य १९१८चे, मूळ जुनागढकडचे. मुंबईत आधी इस्माईल युसुफ, मग फोर्टमधलं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. एम.एस्सी. झाली, कॉलेजात शिकवायला लागले. आणि मग १९४२ साली, म्हणजे इकडे चले जावचं आंदोलन, तिकडे महायुद्ध, अशा वेळी हा माणूस साठवलेल्या पैशांवर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला जाऊन राहिला. कशासाठी, तर विष्णू वासुदेव नारळीकरांकडे रिलेटिव्हिटी शिकायला. आपले कोल्हापूरचे नारळीकर, केंब्रिजहून येऊन बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे हेड झालेले. त्यांचा मुलगा जयंत नारळीकर तेव्हा चार वर्षांचे. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "बायकोची हिंमत बघा आधी," आणि मला ते अगदी पटलं.

प्रश्न काय होता? आइनस्टाइनच्या समीकरणांचं पहिलं अचूक सोल्युशन श्वार्त्सशिल्डनी १९१६ला दिलं, पण त्यात ताऱ्याच्या बाहेर सगळं रिकामं, ना प्रकाश ना उष्णता. खरा तारा तर जळतोय. प्रकाश बाहेर पडतो म्हणजे एनर्जी जाते, एनर्जी जाते म्हणजे मास कमी होतं, आणि मास कमी होतं म्हणजे बाहेरची ग्रॅव्हिटीपण सारखी बदलत राहणार. मग अशा ताऱ्याच्या बाहेरचं स्पेसटाइम, म्हणजे जागा आणि वेळ मिळून होणारी रचना, कशी दिसेल? बनारसमध्ये बसून वैद्यांनी याचं उत्तर काढलं, १९४३ला 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. वय वर्षं पंचवीस.

आता सर, खरं थँक यू कशाबद्दल ते. मी वैद्यांच्या या प्रश्नाचं सॉफ्टवेअरवर उत्तर काढून आणलं होतं, ते बरोबरच होतं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि जुन्या टेस्ट पेपरांची कोरी बाजू पुढे सरकवून म्हणालात, हाताने कर, मी बसलोय. आधी म्हणालात, श्वार्त्सशिल्डच्या सूत्रात मास फिक्स आहे ना, ते नेहमीच्या वेळेनुसार बदलतं ठेवून बघ काय होतं. बघितलं, तर पानभर नको त्या टर्म्स आल्या, ज्या नुसत्या बाहेर जाणाऱ्या प्रकाशाशी जुळतच नव्हत्या. मग म्हणालात, आता वेळच वेगळी घे, अशी की ताऱ्यातून निघालेल्या एका किरणाबरोबर जात राहिलं तर ती बदलतच नाही. ही आयडिया वैद्यांनी स्वतः १९५३ला 'नेचर'मध्ये मांडली आणि मला विचाराल तर त्यांच्या पहिल्या पेपरपेक्षा हा जास्त सुंदर आहे, कारण तेच सोल्युशन इथे एका ओळीत मावतं. परत सगळं करायला घेतलं, क्रिस्टोफेल सिम्बॉल्स, रिची टेन्सर (स्पेसटाइम किती वाकलंय ते काढायच्या लांबलचक पायऱ्या), काकूंचा चहा दोनदा येऊन गेला, आणि पानापानावर टर्म्स एकमेकींना कापत कापत शेवटी एकच उरली. दोन गुणिले मास बदलण्याचा दर, भागिले अंतराचा वर्ग, आणि पुढे उणे चिन्ह. आइनस्टाइनच्या समीकरणांत हीच टर्म बाहेर जाणाऱ्या प्रकाशाची एनर्जी सांगते.

मी त्या उणे चिन्हाकडे बघत बसले. एनर्जी निगेटिव्ह कशी येईल? तुम्ही चूक-बरोबर काहीच बोलला नाहीत, एवढंच विचारलंत, "सूर्य जड होतोय का हलका?"

हलका! नुसत्या प्रकाशावाटे दर सेकंदाला साधारण ४० लाख टन! म्हणजे मास बदलण्याचा दरच मुळात उणे, उण्याला उणे लागून अधिक, एनर्जी पॉझिटिव्ह. आणि खालचा अंतराचा वर्ग का, तर प्रकाश गोलाच्या पृष्ठभागावर पसरत जातो म्हणून, जे मी बारावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते. सर, हे सगळं सॉफ्टवेअरच्या उत्तरातपण होतं, पण मला तिथे दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे.

पुढची गोष्ट तुम्ही मला जाता जाता जिन्यात सांगितलीत. जवळपास वीस वर्षं या सोल्युशनचा कोणाला फार उपयोग नव्हता. १९६३ला क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण प्रचंड तेजस्वी वस्तू, किती लांब आहेत ते कळलं, कोसळणाऱ्या, प्रचंड एनर्जी बाहेर फेकणाऱ्या वस्तूंचं गणित सगळ्यांना हवं झालं, आणि १९६५च्या एका फिजिकल रिव्ह्यूच्या पेपरच्या टायटलमध्येच वैद्यांचं नाव आलं. नंतर हॉकिंगनी ब्लॅक होल हळूहळू विरतं म्हटल्यावर तिथेही लोक वैद्यांचं हेच सोल्युशन, म्हणजे 'वैद्य मेट्रिक', वापरायला लागले. मधल्या काळात वैद्य काय करत होते? शिकवत होते. थोडे दिवस मुंबईतली टीआयएफआर ही संशोधन संस्था, १९४९ला मुंबई युनिव्हर्सिटीची पीएच.डी., मग गुजरातेत कॉलेज, युनिव्हर्सिटी. १९६३ला गुजरात गणित मंडळ काढलं, शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी 'सुगणितम्' नियतकालिक. १९७८ ते ८० गुजरात युनिव्हर्सिटीचे कुलगुरू, तेव्हाही सायकलवर. तुम्ही कुलगुरूपद एका वाक्यात उरकलंत आणि सायकलबद्दल मात्र भरभरून बोललात. २०१०ला ते गेले.

मला कोणी "नोकरी करून जमणार नाही" म्हणालं की आता वाद घालावासा वाटत नाही. मी परत त्या पानांवर बसते. ती सगळी पानं फाइलला लावून ठेवलीत, मागे पोरांच्या टेस्टचे मार्क्स आणि पुढे वैद्य मेट्रिक.

प्रोजेक्ट सबमिट झाला, बाइंडिंगची एक कॉपी तुमच्यासाठी वेगळी काढलीये. रविवारी घेऊन येते. सोबत बॉनर आणि वैद्यांचा १९७०चा पेपरपण आणते, ज्यात ताऱ्याला इलेक्ट्रिक चार्जपण आहे, त्यात करंटची टर्म कुठून येते तिथे अडलेय, हातानेच करतेय. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची विद्यार्थिनी