सहकर्जदाराला कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाची शिक्षण पुरवणी मी नेमाने वाचते. कोणतं विद्यापीठ कितव्या क्रमांकावर, कोणत्या शाखेला मागणी, व्हिसाच्या मुलाखतीला काय बोलावं, हे सगळं तीत असतं आणि मुलांना त्याचा उपयोगही होतो. माझं म्हणणं पालकांविषयी आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर मुलाच्या सहीशेजारी ज्यांची सही असते, त्या आईबापासाठी त्या पुरवणीत ओळभरही मजकूर नसतो. बँकेच्या कागदावर त्यांना सहकर्जदार म्हणतात. हप्ता थकला तर बँक त्यांच्या दारात जाते. नियम बदलला, रुपया घसरला, व्हिसा अडकला की तोशीस त्यांनाच लागते, आणि बातमी मात्र त्यांच्या कानावर सगळ्यात शेवटी येते.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. नोकरीची शेवटची वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतरही कराड, पाटण, कडेगाव भागातले पालक कागद घेऊन घरी येतात. गेल्या पावसाळ्यात एक ऊस बागायतदार आले होते. मुलगा इंजिनिअर, इंग्लंडला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी निघालेला. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ऑफर लेटर, एजंटाने दिलेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका आणि बँकेचं मंजुरीपत्र. मंजुरीपत्र सगळं इंग्रजीत, आणि सही जिथे जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, पोरगं तिकडं काम करून फी काढंल म्हणत्यात. मग आमाला हप्ता कवापासनं बसायचा?"

आम्ही कागदावर आकडे मांडले. कर्ज ३० लाख, व्याज १० टक्के धरलं. शिक्षण एक वर्षाचं, त्यापुढे आणखी एक वर्ष हप्त्याला सवलत. या दोन वर्षांत हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पैसे सुरुवातीलाच उचलले तर सरळव्याजाने ते सहा लाख होतं आणि सवलत संपली की मुद्दलात मिळवलं जातं. मग हप्ता ३६ लाखांवर बसतो: १५ वर्षांची मुदत घेतली तर महिना ३८,७०० च्या आसपास, १० वर्षांची घेतली तर साडेसत्तेचाळीस हजार. सवलतीच्या काळात घरून महिना २५ हजार व्याज भरत राहिलं तर १५ वर्षांचा हप्ता ३२ हजारांच्या थोडा वर राहतो, शिवाय बँक व्याजदरात एखादा टक्का सूटही देऊ शकते. सूट हवी असेल तर मंजुरीच्या वेळीच विचारून घ्यावं लागतं. साडेसात लाखांच्या पुढे सरकारी बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन या कर्जाला चालत नाही, म्हणून त्यांनी गावालगतचा एनए प्लॉट दिला होता. तो धाकट्या मुलीच्या लग्नासाठी राखलेला, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

राहिला प्रश्न फी काढण्याचा. ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेला किमान वेतनाचा दर तासाला १२ पौंड २१ पेन्स होता. त्या दराने आठवड्याचे वीस तास नेमाने मिळाले तरी महिन्याचे साधारण साडेदहाशे पौंड. आणि लंडनबाहेर राहायलाच महिन्याला अकराशे पौंडांहून जास्त लागतात असं तिथलं सरकार व्हिसा देताना धरून चालतं. म्हणजे काम करून राहण्याखाण्याचा बराचसा खर्च निघेल, फीचा एक पौंडही निघणार नाही. आठवीतल्या मुलालाही येईल असा हा हिशेब आहे, पण त्या बापाला तो कोणी घालून दाखवला नव्हता. पाहुण्यांनी नाही, एजंटाने नाही, बँकेने नाही आणि, माफ करा, वर्तमानपत्रानेही नाही.

आता बातम्यांकडे येते. परदेशी शिक्षणाचे नियम हल्ली तारखेवार बदलतात. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने व्हिसासाठी आपल्याकडे असल्याची दाखवायची रक्कम १० हजार कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ वर नेली, सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ झाली. भारतीय मुलांना लवकर व्हिसा मिळवून देणारी तिथली एसडीएस योजना बंद करत असल्याचं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झालं आणि त्याच दिवशी ती बंद पडली. अमेरिकेने २७ मे २०२५ ला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या, जूनच्या मध्यानंतर पुन्हा सुरू केल्या आणि सोबत समाजमाध्यमांची खाती खुली ठेवायची अट घातली. मधल्या तीन आठवड्यांत इथल्या घरांमधून काय घालमेल होती ती मी पाहिली आहे. ब्रिटनमध्ये शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून नोकरी शोधता येते, पण १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दीडच वर्ष मिळणार. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाणारा प्रत्येक मुलगा या दीड वर्षाच्या नियमात येतो. त्यानंतर तिथे टिकायचं तर नवख्यालाही बहुतेक क्षेत्रांत वर्षाला ३३ हजार पौंडांच्या पुढे पगार देणारा मालक लागतो. कर्जाच्या हप्त्याचं गणित सगळं या नोकरीवर उभं असतं, म्हणून ही बातमी बापाला आधी कळायला हवी.

बातमी छापून येत नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं तेव्हा सगळीकडे मोठमोठे मथळे होते. अमेरिकेतच शिकून तिथेच विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही, हा खुलासा महिनाभराने आला. तो कुठल्या कोपऱ्यात गेला कोण जाणे. माझ्याकडे दिवाळीनंतर आलेल्या एका आईला तो माहीतच नव्हता. मुलीला परत बोलवावं का, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या.

रुपयाचंही तसंच. जर्मनीला जाणाऱ्या मुलाला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच अडकवून ठेवलेल्या खात्यात भरावे लागतात, त्यातून त्याला महिन्याला ९९२ मिळतात. युरो ९० रुपयांना होता तेव्हा याचे १० लाख ७१ हजार होत. शंभराला गेला की ११ लाख ९० हजार. नियम तोच, मुलगा तोच, पण एक लाख १९ हजार वाढले. कर्ज रुपयांत मंजूर झालेलं असतं, त्यामुळे वरची रक्कम घरून उभी करावी लागते. सोनं मोडतं ते अशा वेळी. मंजुरीच्या वेळीच आठ-दहा टक्के जादा धरून कर्ज मागा, न लागलं तर उचलू नका, एवढी एक ओळ कुणी छापली असती तर कितीतरी घरांत बांगड्या राहिल्या असत्या. परदेशी पैसे पाठवताना बँकेतच कापल्या जाणाऱ्या टीसीएस या कराचंही लिहायला हवं. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो कापला जात नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर मुळीच नाही. घरच्या पैशातून जास्त पाठवले आणि कर कापला गेला तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. पण शेतीच्या उत्पन्नावर जगणारा माणूस विवरणपत्र भरत नाही, आणि त्याचे पैसे तिथेच राहतात.

मुलांचं तिथलं कॉलेज कसं असतं, हेही पालकांना कळत नाही. अभिनंदनाचा फ्लेक्स चौकात लागतो, विमानतळावरचा फोटो येतो, पुढे व्हॉट्सअॅपवर बर्फ दिसतो. माझी भाची जर्मनीत आखेनला शिकते. तिच्याकडून मला जे कळलं ते कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते, वर्षभर कुणी विचारत नाही, आणि सगळा भार सत्राच्या शेवटच्या एका परीक्षेवर. इथे आपल्या मुलांना एटीकेटीची सवय. विषय राहिला तर पुढच्या खेपेला, नाही तर त्याच्या पुढच्या. तिथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदाही राहिला तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही पुरा करता येत नाही. नाव गेलं की शिक्षणासाठी मिळालेला परवानाही धोक्यात. भाचीच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्यांदा नापास झाल्याचं घरी सांगत नव्हता. आई फोनवर विचारायची, "जेवलास का?" आणि तो जेवलो म्हणायचा. त्या बाईंना परीक्षेच्या या नियमाची कल्पना असती तर त्यांनी आणखीही काही विचारलं असतं. वसतिगृहाच्या खोलीसाठी एकेक दोन-दोन सत्रं थांबावं लागतं, तोवर बाहेरच्या खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा मिळून ९९२ मधले किती उरतात, हेही त्यांना ठाऊक असतं तर मुलाला बोलणं सोपं गेलं असतं.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आमच्या भागात आता सगळ्यांच्या तोंडी आहे. बहुतांश सरकारी विद्यापीठांपुरतं ते खरं आहे. पण बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना त्याहून बरीच जास्त फी लावली आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथली सरकारी विद्यापीठं एजंटांना कमिशन देत नाहीत, खासगी देतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठंही देतात. म्हणून "आमचा सल्ला मोफत" म्हणणाऱ्या माणसाला पैसे कुठून मिळतात, हे पालकाने पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावं. सगळे एजंट लबाड असतात असं मी म्हणत नाही. चांगली माणसं मला माहीत आहेत. पण त्यांचे लेख आपल्या पुरवणीत बातमीच्याच टायपात येतात आणि "जाहिरात" हा शब्द कोपऱ्यात मुंगीएवढा असतो. छापील अक्षरावर भरवसा ठेवणारी पिढी अजून आहे. त्या भरवशाची जबाबदारी दैनिकावर आहे, असं मला मनापासून वाटतं.

परदेशी एमबीबीएसची पत्रकं तर एसटी स्टँडपर्यंत आली आहेत. त्यांवर "एनएमसी मान्यताप्राप्त" असं ठळक लिहिलेलं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देतच नाही, त्याची तशी यादी नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीत अटी आहेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता. मग इथे येऊन ३०० पैकी किमान १५० गुण लागणारी परीक्षा, आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. अटी पुऱ्या होतात की नाही हे तपासणं पालकावर येतं. किर्गिझस्तान असो, जॉर्जिया असो, कर्ज मागायला येणाऱ्या दहापैकी एकाच्याही हातात ही नियमावली मी पाहिली नाही.

आणि ज्यांना कर्ज घ्यायची गरजच पडू नये, त्यांच्यापर्यंत योजना पोहोचत नाहीत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ जागा, जगातल्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश असेल तर फी, निर्वाहभत्ता, विमानभाडं. इतर मागासवर्ग, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही त्या त्या खात्यांच्या योजना आहेत. मुंबईतली जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि पुढे लंडनच्या शिक्षणाला शाहू महाराजांनी हात दिला. हा इतिहास आपण दरवर्षी छापतो. अर्जाची मुदत मात्र सरकारी जाहिरातीच्या बारीक टायपात येऊन जाते आणि आमच्याकडे पालक येतात तेव्हा ती उलटलेली असते.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे. महिन्यातून एकदा, ठरावीक वारी, ठरावीक पानावर सहकर्जदारांसाठी अर्धं पान द्या. त्यात त्या महिन्यात कुठल्या देशाचा कुठला नियम कुठल्या तारखेपासून बदलला, तो कुणाला लागू आहे आणि कुणाला नाही, डॉलर-पौंड-युरोचा भाव वर्षापूर्वी किती होता आणि आज किती, शिष्यवृत्त्यांच्या मुदती कधी संपतात, आणि एका कर्जाचा पूर्ण मांडलेला हिशेब, एवढं असावं. मथळ्यात आलेल्या बातमीचा खुलासा आला तर तो त्याच जागी, तेवढ्याच टायपात यावा. मराठीत, आणि आकडे रुपयांत. मुंबईत अमेरिकी शिक्षणाची अधिकृत माहिती देणारं यूएसआयईएफचं कार्यालय आहे, पुण्यात जर्मनीचं मॅक्समुल्लर भवन आहे. तिथे विचारून खात्री करता येईल. कर्जाच्या हिशेबाचे तक्ते मी दर महिन्याला करून देईन, मोबदला नको. माझा फोन नंबर पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो कृपया छापू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, कराड (जि. सातारा)